पितळ विकले, बगळा राहिला

मित्रांनो, मी पितळेचा आहे. तळहातावर मावेन एवढा, चौकोनी, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने कोरलेला. साबणाच्या वडीवर खूण उमटवणे हे माझे काम, म्हणून मला ठसा म्हणतात. चाळीस वर्षे मी वड्यांवर टेकलो आहे. माझ्या कडा आता नखासारख्या गुळगुळीत झाल्या आहेत, आणि तरी मला जे सांगायचे आहे ते माझ्या झिजण्याबद्दल नाही. माझ्या पोटावर एक बगळा कोरलेला आहे. तो नेमका कुणाचा, यावरून एकदा सख्ख्या बहीणभावांत अबोला आला आणि एका कष्टाळू बाईचा चालता कारखाना बंद पडायच्या बेतात आला. तीच हकिगत सांगतो.

माझा जन्म एका अरुंद बोळात, ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या टेबलावर झाला. एका डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर वाकलेला असे. एके सकाळी आप्पा त्याच्याकडे आले. आप्पांनी नुकताच एका जुन्या गाडीखान्यात साबणाचा कारखाना काढला होता आणि कारखान्याचे नाव एका कागदावर लिहून आणले होते. त्या नावात ‘शुद्ध’ होते, ‘उत्तम’ होते, ‘गृहोपयोगी’ होते, शिवाय ‘आणि मंडळी’ होते.

कारागिराने कागद भिंगाखाली धरला आणि म्हणाला, “आप्पा, एवढं सगळं वडीवर बसवलं, तर नाव वाचून होईपर्यंत वडी संपायची.”

“मग काय करू म्हणता?”

“एखादं चित्र सांगा. अक्षरं झिजली की गेली. चित्र अर्धं झिजलं तरी माणूस ओळखतो.”

आप्पा विचारात पडले. गाडीखान्याच्या मागे एक ओढा होता आणि तिथे रोज सकाळी एक बगळा कुणाची भीडभाड न ठेवता उभा राहत असे. “बगळा काढा,” आप्पा म्हणाले. “पांढराशुभ्र असतो. कपडेही तसेच निघायला पाहिजेत.”

चार दिवस तो कारागीर मला कोरत होता. ठशावर सगळे उलटे कोरावे लागते, तेव्हा ते वडीवर सुलटे उमटते. माझ्या पोटावरचा बगळा म्हणूनच डावीकडे बघतो आणि वडीवरचा उजवीकडे. पहिली वडी दाबून झाली तेव्हा आप्पांनी ती दोन्ही हातांत धरून घरी नेली. ती त्यांनी कधी वापरली नाही.

पुढची वर्षे कामाची होती. मोठ्या कढयांत तेल आणि सोडा एकजीव होई, ते मिश्रण लाकडी चौकटीत ओतले जाई, दोन दिवसांनी घट्ट झाले की तारेने त्याच्या वड्या कापल्या जात. मग माझी पाळी. वडी फार ओली असली तर बगळा चिखलात रुतल्यासारखा दिसे आणि फार वाळली असली तर त्याची चोचच तुटे. ती मधली वेळ अचूक ओळखणारी बाई कारखाना सुरू झाल्यानंतर दहाव्या वर्षी तिथे कामाला आली. तिचे खरे नाव हजेरीच्या वहीत होते, पण ती चहाचे पाणीसुद्धा मापून घेई, म्हणून सगळे तिला मोजमाप म्हणू लागले. आप्पा अंदाजाने तेल ओतायला गेले की ती त्यांचा हात धरत नसे, पण डोळे असे मोठे करी की आप्पा स्वतःच माप शोधायला जात.

मला दाबयंत्रात बसवून तिने हात खाली ओढला की ‘टक्’ असा आवाज होई. दिवसभर टक्, टक्, टक्. त्या आवाजात मला फार बरे वाटे.

कारखान्याचे ते लांबलचक नाव वेष्टनावर छापलेले होते, पण ते कुणाच्याच तोंडी बसले नाही. लोक म्हणत, “बगळा द्या.” “बगळा आलाय का?” बाजारपेठेत आप्पांचे दुकान होते. ते त्यांचा मुलगा सांभाळत असे. त्याला सगळे भाऊ म्हणत. कारखान्यात आप्पांची थोरली मुलगी काम बघत असे. ती सगळ्यांची ताई. मी कारखान्यात असे, म्हणून दुकानातल्या गोष्टी मला कानावर येतील तेवढ्याच ठाऊक. पण एका गिऱ्हाईक बाईंना मी चांगला ओळखत होतो, कारण त्या थेट कारखान्यात येऊन माल नेत. त्या एका मोठ्या वसतिगृहाच्या धुलाईघरात काम करत. सगळे त्यांना काकू म्हणत. त्यांना फार अंधुक दिसे. त्या वडी हातात घेत, अंगठा बगळ्यावरून फिरवत आणि मान डोलावत. एकदा बाजारात कुणीतरी बदकाचे चित्र असलेला साबण आणला आणि दुकानदाराने तोच त्यांच्या हातात ठेवला. काकूंनी अंगठा फिरवून तो परत केला. म्हणाल्या, “हा बसलाय. आपला उभा असतो.”

मित्रांनो, तेव्हा मला वाटले, आता आपल्याला कशाची चिंता?

वेष्टने छापणारा छापखानेवाला मात्र शहाणा माणूस होता. एकदा नमुने घेऊन आला असताना तो म्हणाला, “आप्पा, या बगळ्याची नोंदणी करून टाका. सरकारदरबारी एकदा नाव लागलं की निर्धास्त.”

आप्पा हसले. “बगळा माझा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. आणखी कुणाला सांगायचं राहिलंय?”

तरी छापखानेवाल्याने अर्ज आणून दिला. ताईंनी तो सुतळीच्या गुंड्याखाली खणात ठेवला. पुन्हा कधीतरी खण उघडला तेव्हा त्या अर्जाच्या पाठीवर कुणीतरी गिलाव्याच्या सामानाची यादी करून ठेवली होती. तो विषय तिथेच संपला.

आप्पा गेले तेव्हा कारखाना तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी ताई आणि भाऊ कार्यालयातल्या टेबलाशी समोरासमोर बसले. दोघांचे डोळे सुजलेले होते. भाऊ म्हणाले, “कारखाना तू बघतेस, तो तुझा. दुकान मी बघतो, ते माझं. यात बोलायचं काय?” ताईंनी मान हलवली. मी त्याच टेबलावर होतो, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. मलाही त्यात वावगे वाटले नाही. घरातल्या हवेची वाटणी कुणी करते का?

त्यानंतर बारा वर्षे ताईंनी कारखाना चालवला आणि भाऊंनी त्यांचा माल विकला. मग ताईंचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी होती, तिला दोन वर्षांच्या जुळ्या मुली होत्या आणि तिची फार ओढाताण होत होती. ताईंनी कारखाना विकायचे मनात घेतले. ही गोष्ट त्यांनी आधी मोजमापला सांगितली. मोजमाप तेव्हा मला ब्रशने साफ करत होती. तिचा हात थांबला.

“कोण घेणार आहे?” तिने विचारले.

“अजून कुणाला बोलले नाही गं.”

मोजमापने मला टेबलावर ठेवले. मग म्हणाली, “ताई, मी घेऊ का?” आणि लगेच, “हसू नका हं.”

ताई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तिला खुर्चीवर बसवले.

मोजमापने आजवर मागे टाकलेले सगळे त्यात घातले. तिचा नवरा बस चालवत असे. तो नोकरी सोडून माल पोचवायला आला. ताईंनी टंकलेखकाकडून विक्रीचा कागद करून आणला. त्यात सगळ्या सामानाची यादी होती. कढया चार. लाकडी चौकटी अठरा. दाबयंत्र एक. खुर्च्या तीन, त्यांपैकी एक डुगडुगती. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘पितळी ठसा, जुना, एक नग.’ सह्या झाल्या, चहा झाला. ताईंनी मला स्वतःच्या हाताने मोजमापच्या हातात दिले. “सांभाळ,” एवढेच म्हणाल्या.

दीड वर्ष चांगले गेले. मोजमापने तेलाचे प्रमाण थोडे बदलले आणि फेस आणखी मऊ झाला. तारेवर काम करणाऱ्या दोन बायका होत्या, तिसरी आली.

मग एका सकाळी काकू आल्या. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक वडी होती. त्यांनी आपले हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या.

“मोजमाप, बगळ्यानं असं कसं केलं गं? चादरी पिवळ्या पडल्या. मुख्य बाई मला बोलल्या. वीस वर्षांत मला कुणी बोललं नव्हतं.”

मोजमापने वडी नाकाशी नेली. मोडून पाहिली. ती आतून भुसभुशीत होती. “काकू, ही वडी माझी नाही.”

“अगं, बगळा तर तुझाच आहे. हे बघ.” काकूंनी तुकड्यावर अंगठा फिरवला.

बगळा खरोखरच हुबेहूब होता. उजवीकडे बघणारा, एका पायावर उभा. फक्त त्याच्या कडा नव्या होत्या, करकरीत.

“कुठून घेतलीत?”

“भाऊंच्या दुकानातून. परवा इकडं यायला जमलं नाही, म्हणून.”

मोजमापने मला यंत्रातून काढले, पिशवीत घातले आणि तशीच बाजारपेठेत निघाली. पिशवीतून मी भाऊंचा आवाज ऐकला. भाऊ वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो. ते गडबडले, पण त्यांनी लपवाछपवी केली नाही.

“तुझा माल पुरत नाही,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जातं. म्हणून थोडा बाहेरून करून घेतला.”

“पण भाऊ, त्यावर बगळा?”

“मग काय लावू? बगळा माझ्या वडिलांचा आहे. मी त्यांचा मुलगा. तू त्यांची कोण?”

मोजमापने पिशवी पोटाशी घट्ट धरली. भाऊंनाही बहुधा बोलून गेल्यावर टोचले असावे, कारण त्यांनी आवाज उतरवला. “हे बघ, तुझा कागद काढ. त्यात बगळा लिहिलाय का? ठसा लिहिलाय. ठसा तुझाच आहे. तो कुणी मागतंय का?”

परत आल्यावर मोजमापने मला यंत्रात बसवले नाही. फळीवर, रिकाम्या बरण्यांमागे ठेवून दिले. त्यानंतरचे दीड महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत आणि सगळ्यात वाईट. वसतिगृहाने माल घेणे थांबवले. त्याच चिरलेल्या हातांची तक्रार घेऊन आणखी दोघे-तिघे आले, आणि प्रत्येकाला समजावून सांगता सांगता मोजमाप थकून गेली. खूणच नको म्हणून तिने काही दिवस वड्या कोऱ्या पाठवल्या. त्या पेट्या जशाच्या तशा परत आल्या. वरच्या चिठ्ठीवर एकाच ओळीचा मजकूर होता, ‘हा कुठला माल? आम्ही बगळा मागवला होता.’ तारेवरच्या बायकांपैकी एकीने दबक्या आवाजात विचारले, “पुढच्या महिन्यात येऊ ना आम्ही?” माझ्या अंगावर धूळ बसत होती, तिचे मला काही नव्हते. पण ते ‘टक्’ ऐकू येत नव्हते.

शेवटी तिचा नवराच म्हणाला, “तू साबण मापतेस, तसं हेही कुणाकडून तरी मापून घे.”

एका शिंप्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर वकीलबाईंची कचेरी होती. वकीलबाईंना सर्दी झाली होती आणि त्या मधून मधून शेंगदाणे खात होत्या. मोजमापने कागद दिला आणि मला टेबलावर ठेवले. वकीलबाईंनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

“वा! खुर्ची डुगडुगते हेसुद्धा लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “आणि बगळा कुठंय?”

“हा काय. पितळी ठसा, एक नग.”

वकीलबाईंनी मला उचलले, तोलून पाहिले. “हे पितळ झालं. पितळ नक्की तुमचं. मी बगळ्याचं विचारतेय.”

मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मी समजत होतो की बगळा म्हणजे मीच. मला वितळवले तर बगळा संपला, मला दिले की बगळा दिला. तसे नव्हते. बगळा काकूंच्या अंगठ्यात होता, बाजारातल्या माणसांच्या जिभेवर होता, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा गेला हे कुठेच लिहिलेले नव्हते.

“नोंदणीच नाही त्याची,” मोजमाप खाली मान घालून म्हणाली. “म्हणजे तो कुणाचाच नाही ना?”

“असं कुणी सांगितलं? नोंदणी नाही म्हणून तो बेवारस होत नाही. ज्या खुणेवरून लोक तुमचा माल ओळखतात, त्या खुणेला कायदा मानतो. दुसऱ्यानं ती लावून आपला माल तुमचा म्हणून खपवला, तर त्याला थांबवता येतं. पण नोंदलेल्या खुणेचं काम एका दाखल्यावर भागतं, तुम्हाला ढीगभर पुरावे गोळा करावे लागतील. लोक बगळा म्हटलं की या कारखान्याचाच साबण समजतात, हे आधी दाखवायचं. मग ती ओळख ताईंकडून तुमच्याकडे आली, हे दाखवायचं. या कागदात सगळं सामान आलंय. ओळख राहून गेलीय.”

“ओळख काय विकत देता येते?”

“देतात की! धंदा त्याच्या नावलौकिकासह, आणि नोंदलेल्या, न नोंदलेल्या सगळ्या खुणांसह दिला, एवढं एक वाक्य. खुणा कोणत्या ते खाली लिहायचं, चित्र चिकटवायचं. चहा थंड होण्याआधी झालं असतं.”

मोजमापने घाबरत विचारले, “मग ते वाक्य आता घालता येईल? त्याच तारखेचं?”

वकीलबाईंनी शेंगदाण्यांची वाटी बाजूला सारली. “मागची तारीख अजिबात नाही. खोट्या तारखेनं खरी गोष्टसुद्धा खोटी पडते. कागद आजचाच करायचा. आणि त्यात खरं तेच लिहायचं, की विक्रीच्या दिवशी बगळ्यासकट धंदा द्यायचं ठरलं होतं, दिला होता, लिहायचं राहिलं. मधल्या काळात कुणी नक्कल केली असेल तर त्याबद्दल दाद मागायचा हक्कही दिला. पण हे ताईंनी स्वतः लिहून द्यायला हवं. देतील?”

मोजमापने मला उचलून पिशवीत घातले. ताईंनी कुणाविरुद्ध लिहून द्यायचे होते, ते तिला कळत होते.

पुढचे आठ दिवस ती पुरावे गोळा करत हिंडली. छापखानेवाल्याचा मुलगा आता छापखाना बघत होता. त्याने नमुन्यांची जुनी वही काढली. प्रत्येक वेष्टन तारखेसह चिकटवलेले, प्रत्येकावर बगळा. आसपासच्या दुकानदारांनी वर्षानुवर्षे पाठवलेल्या मागणीच्या चिठ्ठ्या कारखान्याच्या माळ्यावरच होत्या. ‘बगळा चार पेट्या.’ ‘बगळा लवकर पाठवा.’ कारखान्याचे लांबलचक नाव एकाही चिठ्ठीत नव्हते. काकू म्हणाल्या, “माझा अंगठा घेऊन जा.” आणि जबाब लिहून झाल्यावर त्यांनी तो खरोखरच उमटवला.

मग मोजमाप मला, आपली एक वडी, भाऊंच्या दुकानातली एक वडी आणि वकीलबाईंनी केलेला मसुदा घेऊन बसने ताईंच्या गावी गेली.

ताईंच्या मुलीचे घर लहान होते. गॅलरीत दोऱ्यांवर जुळ्यांचे कपडे वाळत होते आणि ताई पाटावर बसून एकीची वेणी घालत होत्या. मोजमापने सगळे सांगितले. रडली नाही, आवाज चढवला नाही. ताईंनी वेणी पुरी केली, रिबन बांधली, मग म्हणाल्या, “तो माझा धाकटा भाऊ आहे गं.”

“म्हणून तर कोर्टात न जाता आधी तुमच्याकडे आले.”

ताईंनी फोन उचलला. “उद्या सकाळी ये,” एवढेच भावाला सांगितले.

भाऊ आले. मोजमापला तिथे बघून दारातच थबकले. ताईंनी त्यांना हात धुवायला पाठवले. मोरीवर भाऊंनीच बाहेरून करून घेतलेली वडी ठेवली होती. भाऊ हात पुसत आले. त्यांनी बोटे एकमेकांवर घासली आणि ते बसले.

“हात ओढतायत?” ताईंनी विचारले.

“थोडे.”

“काकूंचे फुटलेत.”

भाऊंनी मान खाली घातली, पण लगेच वर केली. “ताई, साबण वाईट निघाला, कबूल. पण पंचवीस वर्षं बगळा विकला कुणी? उन्हातान्हात पेट्या वाहिल्या कुणी? लोक बगळा मागायला माझ्या दारात येतात. आप्पांच्या बगळ्यात माझं काहीच नाही?”

हे बोलणे खोटे नव्हते. मोजमापनेही नजर वळवली.

ताई म्हणाल्या, “तुझं आहे की. तू विकलास म्हणून तो घरोघरी गेला. पण लोक त्यावरून काय ओळखत होते? आत कसा साबण आहे, हे. तो साबण जिथं होतो तिथंच बगळा पाहिजे. आप्पांनी तो भिंतीवर टांगायला काढला नव्हता.” मग त्या थोड्या थांबल्या. “चूक माझी आहे. वाटणी केली तेव्हा आपण बगळ्याचं नाव काढलं नाही. विकताना मी खुर्चीचा पाय लिहिला, बगळा लिहिला नाही. तुला वाटलं तुझा, हिला वाटलं हिचा. पण हिला दिला तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी काय चार कढया विकल्या? धंदा दिला मी. बगळ्यासकट.”

त्यांनी मसुदा पुढे ओढला, चष्मा लावला, शब्द न् शब्द वाचला आणि सही केली. मुलीने आणि शेजारच्या मास्तरांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. भाऊ उठले. “येतो,” म्हणाले आणि जेवायला न थांबता गेले. ताईंनी मला हातात घेतले. त्यांची बोटे बगळ्यावर नव्हती, मागच्या सपाट बाजूवर फिरत होती. मला वाटले, त्यांना त्या वेळी बगळा बघायचा नव्हता.

बहीणभावांचा अबोला पाच महिने टिकला. वकीलबाईंचे पत्र गेल्यावर भाऊंनी बाहेरून माल घेणे थांबवले, पण ते कारखान्याकडे फिरकले नाहीत. एके दुपारी मात्र एक हातगाडी दारात उभी राहिली. तिच्यावर उरलेल्या नकली वड्या होत्या आणि मागे भाऊ होते.

“यांचं काय करू?” त्यांनी विचारले.

मोजमापने एक वडी उचलून पाहिली. “बगळा खरवडून काढू. मग किसून फरशी पुसायला होईल.”

“आणि दुकानात काय ठेवू?”

“आपला बगळा. पुरेल एवढा देते. लिहून घेऊ पण.”

“लिहून घेऊ,” भाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. त्या कागदात लिहिले गेले, की बगळा कारखान्याचा, भाऊंना फक्त कारखान्याचाच माल त्या नावाने विकायची परवानगी. त्या संध्याकाळी भाऊंनी ताईंना फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही. बोलले, एवढे पुरे.

वसतिगृहाचा माल पुन्हा सुरू झाला. तारेवर चौथी बाई आली. मोजमापने बगळ्याच्या नोंदणीचा अर्ज केला. त्याला वेळ लागला, शंका विचारल्या गेल्या, त्या नमुन्यांच्या वहीने फेडल्या. दाखला आला. पुढे तिची मुलगी धंद्यात आली आणि त्यांनी कंपनी केली. तेव्हा वकीलबाईंनी विचारले, “कारखाना कंपनीच्या नावावर गेला, बगळा अजून तुमच्या नावावर आहे. मग कंपनी तो कुठल्या हक्कानं लावणार?” तो कागदही त्याच आठवड्यात झाला. कामगार म्हणू लागले, मोजमापबाई आता शब्दही मापून घेतात.

मी आता काम करत नाही. माझ्यावरून पोलादाचा नवा ठसा कोरून घेतला आणि मला नमुन्यांच्या वहीशेजारी कपाटात ठेवले. गेल्या महिन्यात भाऊ आले होते. त्यांना दुकानातून स्वतःचे ब्रश विकायचे आहेत आणि त्यावर फुलपाखरू लावायचे आहे. अजून एकही ब्रश तयार झालेला नाही. पण नोंदणीचा कोरा अर्ज मात्र ते हातात घेऊन आले होते, आणि तो कसा भरायचा हे मोजमापला विचारत होते. दोघांनी मिळून तो भरला. मध्ये एकदा खाडाखोड झाली, तेव्हा मोजमापने त्यांना दुसरा अर्ज आणायला लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरात, दुकानात अशी एखादी खूण असेल, एखादे नाव असेल. सगळ्यांना माहीत आहे म्हणून ते कुणी लिहिले नसेल. वाटणी करताना, विकताना, एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करताना खुर्च्या मोजाल, तेव्हा तेही मोजा. प्रेम असेल तेव्हाच लिहा, कारण तेव्हा लिहिणे सोपे असते. मला फक्त खूण उमटवता येते. ती कुणाची, हे मला लिहिता येत नाही. ते तुम्हीच लिहायला हवे.